टाके तुटतील का हो, काका?

बालमित्रांनो,

मागच्या अंकात आपण ताप का येतो ते पाहिलं. या वेळी दातांविषयी लिहीन असं मी कबूल केलं होतं, पण दात एक आठवडा थांबतील. गेल्या महिन्यात मी आसेगावला जाऊन आलो. तिथं जे पाहिलं ते तेव्हाच लिहायचं होतं, पण ज्याच्याविषयी लिहायचं त्याची परीक्षा व्हायची होती, म्हणून थांबलो. आज लिहितो. आईबाबांनाही वाचायला द्या. निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

आसेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं माझं गाव. धाकटा भाऊ तिथं शेती करतो. त्याचा मुलगा आठवीत आहे. नाव सांगणार नाही, कारण "अंकात माझं नाव छापू नका, पोट्टे चिडवतात" अशी त्याची सक्त ताकीद आहे. तर जानेवारीत एका संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग दुखणं सरकत सरकत उजवीकडे खाली आलं. दोनदा उलटी झाली. भावानं शहाणपणा केला, ओवा-हिंगावर रात्र काढली नाही. त्याला थेट वाशीमला दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स सुजलं होतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं, फुटायच्या आत ते निघालं, आणि तिसऱ्या दिवशी स्वारी घरी आली.

मी पोचलो सहाव्या दिवशी. अंगणात तुरीची रास पडलेली, घरात नव्या डाळीचा वास. आणि मधल्या खोलीत, खिडकी लावून, बाजेवर चादर गळ्यापर्यंत ओढून आमचे चिरंजीव सरळ पाठीवर पडलेले. तोंड सुकलेलं. उशाशी चहा आणि बिस्किटाचा पुडा. बाजेभोवती पाच-सहा मंडळी बसलेली, आणि त्यांतले एक गृहस्थ कुणाचं तरी ऑपरेशन कसं बिघडलं ते रंगवून सांगत होते!

मी त्याच्याजवळ बसलो, तसा तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, शिंकलो तर टाके तुटतील का हो?"

तीन दिवस तो शिंक दाबत होता. खोकला आला की गिळत होता. हसायचं नाही म्हणून मित्रांना भेटत नव्हता. दवाखान्यात नर्सबाईंनी त्याला चालवलं होतं, पण घरी आल्यापासून न्हाणीपर्यंतसुद्धा बाबांच्या खांद्याला लटकून जायचा. ताप नव्हता, टाक्यांची जागा स्वच्छ होती. ऑपरेशन छान झालं होतं. तरी पोरगा रोज थोडा थोडा खचत होता.

माझी आई, म्हणजे त्याची आजी, दारात उभी होती. ती म्हणाली, "त्याले उठू नोको देऊ बाप्पा, टाके तुटतीन. अन् वरन-भात तर अजिबात नाई, टाक्यात पू होते."

दवाखान्यातून दिलेला कागद कुठे आहे, असं मी विचारलं. तो देवघरात समईखाली घडी करून ठेवला होता. उघडला, तर त्यात स्वच्छ मराठीत लिहिलेलं : नेहमीचा आहार घ्यावा, हिंडावे-फिरावे, जड वस्तू उचलू नये. सहा दिवसांत तो कुणी वाचलाच नव्हता. वाचायचा कागद आपण जपून ठेवतो, ही आपली एक खोडच आहे.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. टाके तुटतात का?

पोटाचं ऑपरेशन करताना डॉक्टर फक्त वरची कातडी शिवत नाहीत. आत स्नायूंवर एक चिवट पापुद्रा असतो, तो वेगळा आणि मजबूत शिवतात. शिंकेला तो दाद देत नाही. वरच्या कातडीचं म्हणाल, तर तिच्या कडा एक-दोन दिवसांतच एकमेकींना चिकटतात. त्या आत काय चाललेलं असतं ते फार मजेचं आहे. पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठून फट बुजते. मग पांढऱ्या पेशी येतात आणि जंतू, मेलेल्या पेशी, सगळा केरकचरा उचलतात. तीन-चार दिवसांनी गवंडी येतात. त्या पेशी कोलॅजन नावाचे धागे विणू लागतात. हे धागे म्हणजेच खरा सांधा. पण हे विणकाम सावकाश चालतं. तीन आठवड्यांनी त्या जागेला पहिल्या ताकदीच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ताकद आलेली असते. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. पुरती पहिल्यासारखी ती कधीच होत नाही.

म्हणून शिंका, खोका, हसा, चाला. त्यानं काही होत नाही. पण पाण्याची भरलेली बादली, धान्याचं पोतं किंवा धाकटी बहीण मात्र डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत उचलायची नाही. आमच्या घरी नेमकं उलटं ठरलं होतं. चालायचं नाही, आणि महिन्याभरानं सगळं खुलं!

खोकताना दुखतं हे मात्र खरं. त्यावर युक्ती आहे. एक उशी पोटावर घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं. मी त्याला उशी दिली. त्यानं भीत भीत एकदा खोकून पाहिलं. मग पुन्हा. मग मुद्दाम मोठ्यांदा. तीन दिवसांचा साचलेला कफ सुटला, आणि आई दारातून दचकून आत आली.

पडून राहण्यात धोका काय, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मोठं आहे. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथं कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. (मोठ्या ऑपरेशननंतर दवाखान्यात तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र देतात ना, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे? ते खेळणं नव्हे, ते फुप्फुसं उघडायला असतं.) पायांचे स्नायू हलले नाहीत की पोटऱ्यांत रक्त संथ होतं. मोठ्या माणसांत तिथं गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. आतडीही आळसावतात. आमच्या चिरंजिवांचं पोट तीन दिवस साफ झालं नव्हतं, आणि त्याचा दोष सगळे ऑपरेशनला देत होते.

"पण आमच्या वेळी तं महिना महिना उठू देत नव्हते," आई म्हणाली.

खरं होतं तिचं. तेव्हा डॉक्टरच तसं सांगायचे. ही समजूत घरातल्या बायांनी काढलेली नाही, ती दवाखान्यातूनच घरात आली आणि दवाखान्यानं सोडली तरी घरात राहिली. मग मी तिला आणि पुतण्याला एका फार प्रसिद्ध अपेंडिक्सची गोष्ट सांगितली. ते अपेंडिक्स गांधीजींचं.

१९२४ सालचा जानेवारी. गांधीजी तेव्हा ५४ वर्षांचे आणि येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. पोटात दुखू लागलं, ताप आला. १२ जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. कर्नल मॅडॉक हे इंग्रज सर्जन होते. गांधीजींच्या ओळखीचे डॉक्टर मुंबईहून येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. त्यांच्या विनंतीवरून श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं, आणि त्यांच्यासमोर गांधीजींनी ऑपरेशनला संमती देणाऱ्या कागदावर सही केली. माझा या डॉक्टरांवर पूर्ण विश्वास आहे, काही बरंवाईट झालं तर लोकांनी चिडू नये, असा त्याचा आशय. सही करताना हात थरथरत होता.

रात्री ऑपरेशन सुरू झालं आणि मध्येच वीज गेली! नर्सच्या हातातली विजेरीही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात मॅडॉकसाहेबांनी काम पुरं केलं. ससूनमधली ती खोली आजही स्मारक म्हणून जपलेली आहे.

एवढ्यावर गोष्ट थांबते असं बहुतेकांना वाटतं. पण माझ्या मते खरी गोष्ट पुढेच आहे. जखमेच्या जागी गळू झालं. पेनिसिलीनचा शोध लागायचा होता १९२८ साली, आणि ते औषध म्हणून हाती यायला आणखी बारा-तेरा वर्षं जायची होती. जखम भरायला वेळ लागला. सरकारनं ५ फेब्रुवारीला त्यांची शिक्षा माफ करून सुटका केली, तेव्हाही ते ससूनमध्येच होते. मार्चमध्ये ते जुहूला समुद्रकाठी विश्रांतीसाठी गेले आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत तिथं राहिले. तिथंही विश्रांती बेताचीच. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास चर्चेला आले, एप्रिलमध्ये 'यंग इंडिया'चं संपादन त्यांनी पुन्हा हाती घेतलं. म्हणजे जे अपेंडिक्स काढून आमचा मुलगा तिसऱ्या दिवशी घरी आला, त्याच्यापायी गांधीजींना जवळजवळ दोन महिने दवाखान्यात काढावे लागले.

"मंग? ते बी पडूनच होते ना?" आई म्हणाली. माझी आई वादात हरत नाही.

पण त्या काळातही वेगळं म्हणणारे एकदोघे होते. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ सालीच सांगितलं होतं की ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत रोग्याला उठवलं तर तो लवकर सुधारतो. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग दुसरं महायुद्ध आलं. खाटा अपुऱ्या, नर्स अपुऱ्या, रोग्यांना लवकर उठवणं भागच पडलं. आणि पाहतात तो काय, उठलेले रोगी बिघडत नव्हते, उलट लवकर घरी जात होते! पुढे १९९० नंतर डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट नावाच्या सर्जननी हा विचार तडीला नेला. ऑपरेशनआधी नीट समजावून सांगणं, दुखणं चांगलं आवरणं, लवकर खायला देणं, लवकर चालवणं, हे सगळं एकत्र केलं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर लोक आठ-दहा दिवस दवाखान्यात राहत. त्यांचे बरेच रोगी दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. आता जगभर हीच पद्धत रुजते आहे.

दुखणं आवरण्याबद्दल एक वेगळं सांगतो. "गोळी कमी घेतलेली बरी, सवय लागते," म्हणून वहिनी दुखण्याची गोळी देत नव्हत्या. पण दुखत असेल तर पोरगा श्वास खोल घेणार कसा आणि चालणार कसा? डॉक्टरांनी जितकी आणि जितके दिवस लिहून दिली तितकी द्यायची. मनानं वाढवायची नाही, तशी मनानं कमीही करायची नाही.

आता वरणाची गोष्ट. भात, वरण, वांगं, बटाटा, आंबट खाल्लं की टाक्यात पू होतो, असं तुमच्याही घरी म्हणत असतील. पू जंतूंमुळे होतो, वरणामुळे नाही. ते धागे विणणाऱ्या पेशींना माल लागतो तो प्रथिनांचा, म्हणजे डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे. अंगणात तुरीची रास लागली आहे आणि घरातला आजारी मुलगा चहा-बिस्किटावर आहे, याला काय म्हणावं!

दुसरा माल म्हणजे क जीवनसत्त्व. ते नसेल तर कोलॅजनचा धागा पक्का होतच नाही. याची एक गंमत, खरं तर जरा भीतीचीच गोष्ट आहे. १९३९ साली जॉन क्रँडन नावाच्या बोस्टनच्या तरुण सर्जननी स्वतःवरच प्रयोग केला. सहा महिने फळं नाहीत, भाज्या नाहीत, क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. तीन महिन्यांनी त्यांच्या पाठीवर मुद्दाम एक जखम केली. ती नेहमीसारखी भरली. सहा महिन्यांनी पुन्हा केली, तर दहा दिवसांनीसुद्धा वरून मिटलेली आणि आत कोरी! सांधाच धरला नव्हता. मग क जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली, आणि पुढच्या दहा दिवसांत ती भरली. (असे प्रयोग तुम्ही करायचे नाहीत हे सांगायला नको.) बाजारातल्या महाग गोळ्यांची गरज नाही. आवळा, पेरू, लिंबू आणि आमच्या भागातलं संत्रं यांत ते भरपूर आहे. वहिनींनी हे ऐकलं आणि काही न बोलता कुकर चढवला. पोरानं त्या दुपारी दोन वाट्या वरण ओरपलं.

संध्याकाळी मंडळी पुन्हा जमली. भेटायला येणं ही आपल्या गावाची माया आहे, ती मला मोडायची नाही. पण रोगी दमतो, त्याची झोप मोडते, आणि सर्दी-खोकला घेऊन आलेला पाहुणा तो तिथं ठेवून जातो. म्हणून ठरवलं, ओसरीवर बसायचं, चहा तिथंच, आत एका वेळी एकच जण. बिडी पिणाऱ्यांनी ओसरीसुद्धा सोडून पिंपळापाशी जायचं, कारण धुरानं जखमेला पोचणारा प्राणवायू कमी होतो. दोन काका जरा रागावले. रागावू देत.

रात्री सगळे झोपल्यावर मला कळलं की त्याला खरी भीती टाक्यांची नव्हतीच. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा होती. शाळेतून ज्या थोड्या जणांकडून आशा होती त्यांत तो एक. रोज येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आता परीक्षेचं कसं रे?" तो रात्र रात्र जागा असायचा.

ही काळजी जखमेपर्यंत पोचते, हे मोजलेलं आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. त्यांच्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. जखम तीच, माणूस तोच. पण परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. एकाचीही सुट्टीतल्याइतकी लवकर भरली नाही. अकराच विद्यार्थी होते हे लक्षात ठेवा. पण नंतरच्या अभ्यासांतही काळजी आणि जखम यांचं हे नातं दिसत राहिलं.

हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो काळजी करतो याचीच काळजी करत बसला असता. मी भावाला आणि वहिनींना सांगितलं. परीक्षेचा विषय घरात कुणी काढायचा नाही. जमली तर देऊ, नाही जमली तर परीक्षा पुढेही असतात. भाऊ गप्प बसला. मग म्हणाला, "मीच रोज विचारत होतो."

सकाळी मी खिडकी उघडली. वारा लागेल म्हणून ती सहा दिवस बंद होती. बाहेर परसात कडुनिंब आहे, त्यावर साळुंक्यांचा गोंधळ. खिडकीचीही एक गोष्ट आहे. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका दवाखान्याची १९७२ ते १९८१ या काळातली जुनी कागदपत्रं चाळली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रोगी निवडले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय वगैरे पाहून त्यांच्या जोड्या लावल्या होत्या. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. १९८४ साली हे छापून आलं. झाड औषध आहे असा याचा अर्थ नव्हे, पण फुकटची खिडकी लावून का घ्यायची?

मग आम्ही चाललो. पहिल्या दिवशी ओसरीपर्यंत तीन वेळा, कमरेत वाकून. मी म्हटलं, सरळ उभा राहा. तो म्हणाला, ओढ बसते. बसू दे थोडी. दुसऱ्या दिवशी गोठ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा तो मला सोडायला रस्त्यापर्यंत आला, आई मागून "हळू, हळू" करत. पोट दुसऱ्याच दिवशी साफ झालं होतं, रात्री झोप लागत होती.

निघताना भावाच्या हातात मी एक चिठ्ठी दिली आणि ती समईखाली न ठेवता दाराला चिकटवायला लावली. ताप आला, टाक्यांभोवती लाली वा सूज वाढत गेली, पू किंवा घाण वास आला, उलट्या थांबेनात, पोट फुगलं, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर कुणाला विचारत बसायचं नाही, त्याच पावली दवाखाना. मलाही फोन नको, आधी दवाखाना.

दहाव्या दिवशी टाके निघाले. फेब्रुवारीत त्यानं परीक्षा दिली. पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. फोनवर त्याचा प्रश्न वेगळाच होता. "काका, बॉलिंग कधी करू?" डॉक्टरांनी दिलेली तारीख यायची आहे, असं म्हणालो. "मग विकेटकीपिंग?" तेही नाही. "अंपायर?" अंपायर चालेल म्हटलं.

तर सध्या आसेगावच्या मैदानावर तो अंपायर आहे, आणि त्याच्या टीमची पोरं म्हणे आजकाल पायचीत होतच नाहीत.

पुढच्या अंकात दात. नक्की.

तुमचे,
डॉक्टरकाका